भागूनाना घर दाखवतात

भागूनाना घर बघायला गेले की दारातून आत शिरत नसत. आधी घराच्या मागे जात. मागच्या भिंतीवर तळहातानं दोन थापा मारत, खाली बसून जोत्याचे दगड चाचपत, मग डोळे बारीक करून वाशांकडे बघत. अशी सगळी प्रदक्षिणा झाली की उपरण्यानं तोंड पुसून म्हणत, "पाय भक्कम हायत. दात झिजल्यात जरा. मालकानं वय दडवलंय." नवख्या माणसाला कळत नसे, की हे घराबद्दल बोलताहेत का बैलाबद्दल. खरं सांगायचं तर नानांनाही त्यात फार फरक वाटत नसावा.

त्यांची सारी हयात चाकणच्या बैलबाजारात गेलेली. बैलांची दलाली करणारा माणूस घरांच्या दलालीत कसा आला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि आमच्यासारखी माणसं ट्रंका, वळकट्या आणि बायकापोरं घेऊन स्टेशनवर उतरू लागली होती. नाना म्हणाले, "बाजारात बैल कमी झालं राव, आन् बाबू वाढलं. म्हनलं, आता ह्येंना गोठं दावू."

त्या बाबूंपैकी मी एक. मूळचा रत्नागिरीकडचा, कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. चिंचवड गावात एका खोलीत मी आणि बायको कुसुम भाड्यानं राहत होतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोली हवी झाली. कंपनीच्या क्वार्टरसाठी माझ्यापुढे एवढी माणसं होती, की माझा नंबर येईपर्यंत मी पेन्शनीत निघालो असतो. कुसुमला सातवा महिना लागलेला. शेवटी गावाकडच्या बागेतला माझा वाटा मी भावाला विकला, कुसुमनं पाटल्या काढून दिल्या, आणि आम्ही घर विकत घ्यायचं ठरवलं. ही पुंजी एकदाच जमणारी होती. घर फसलं असतं तर या जन्मात दुसरं होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

दलाल दोन होते. पहिले स्टेशनाजवळ ऑफिस थाटून बसलेले. कोट, टेबल, भिंतीवर नकाशा, नकाशावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. त्यांनी आम्हाला माळावरचा एक प्लॉट आणि त्यावरचं नवं कोरं घर दाखवलं. पाणी? येणार. रस्ता? येणार. वीज? ती तर आलीच समजा. कुसुमनं विचारलं, "पावसाळ्यात इथून स्टेशनला कसं जायचं?" ते म्हणाले, "ताई, तोपर्यंत इथे स्टेशनच येईल." मी भारावून इसार द्यायच्या बेतात होतो. माझा स्वभावच असा, की कोट घातलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. कुसुमनं माझ्या शर्टाची बाही ओढली आणि आम्ही घरी आलो.

दुसरे भागूनाना. त्यांना ऑफिस नव्हतं. रेल्वेच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीपुढे एक दगड होता, त्यावर ते बसत. धोतर, पैरण, डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, हातात बैल हाकायची आखूड काठी. ती काठी घेऊन गृहस्थांना घरं दाखवत हिंडताना पाहून पुष्कळांना अपमान वाटे. मलाही पहिल्या दिवशी वाटला, कारण एका वळणावर मी रेंगाळलो तेव्हा त्यांनी सवयीनं जिभेनं टक्‌टक्‌ असा आवाज केला आणि मी चटकन चालू लागलो.

त्यांनी आम्हाला गोदाकाकूंचं घर दाखवलं. गावातच, तीन खोल्या, कौलारू, मागे थोडी मोकळी जागा आणि आड. गोदाकाकूंचे यजमान रेल्वेत होते, ते वारलेले. एकुलती एक लेक आळंदीला दिलेली. गुडघे धरल्यामुळे काकूंना आडाचं पाणी ओढवेना, म्हणून घर विकून त्या लेकीकडे जायच्या होत्या. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच नाना म्हणाले, "खोड सांगतो, बसा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बैलाची खोड लपवून तो गळ्यात मारायचा नाही, हा त्यांचा बाजारातला नेम, आणि तो त्यांनी जसाच्या तसा घरांना लावला होता. "या घराला दोन खोडी हायत. मधल्या खोलीत पागोळीच्या अंगाला गळतं. कौलं शाकारली तरी गळतं, मी बगितलंय. आन् शेजारचं म्हातारं पहाटं भजन म्हंतं. आवाज मोटा हाय, सूर न्हाई. ह्या दुसऱ्या खोडीला इलाज न्हाई."

गोदाकाकू आतून रागावून म्हणाल्या, "नाना, तुमी माझ्या बाजूचं का त्येंच्या?"

"मी घराच्या बाजूचा, आक्का," नाना म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

कुसुमनं तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. घरी आल्यावर म्हणाली, "घर घ्यायचं तर याच माणसाच्या हातून. ज्यानं गळतं ते सांगितलं, त्यानं न गळणारंही खरंच सांगितलं असणार." मी स्टोअरमध्ये दिवसभर मालाची तपासणी करणारा माणूस, पण हा हिशेब मला सुचला नव्हता.

तरी नानांनी सौदा लगेच होऊ दिला नाही. बैल घेताना तो चालवून बघतात, गाडीला जुंपून बघतात. घरही चालवून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला शिधा घेऊन गोदाकाकूंच्या घरी बोलावलं. काकूंना ओसरीवर बसवलं आणि कुसुमला सांगितलं, "ताई, आज ह्ये घर तुमचं. रांदा, खावा, पानी वडा न्हाईतर ह्येंना वडाय लावा."

मी पाणी ओढलं. कुसुमनं चूल पेटवली आणि घर धुरानं भरून गेलं. काकूंना बाहेर बसवेना. "अगं, फुंकणी डाव्या अंगानं धर, वारं तिकडून येतंय," असं त्या ओसरीवरून सांगू लागल्या, मग उंबऱ्यावरून, आणि शेवटी चुलीपुढे येऊनच बसल्या. पिठलं दोघींनी मिळून केलं. जेवण झाल्यावर नानांनी मला मधल्या खोलीत आडवं व्हायला लावलं. "झोप लागती का बगा. झोप लागल्याबिगर घर घ्यायचं न्हाई." मला झोप लागली. उठलो तेव्हा चहा तयार होता, आणि नाना काकूंना समाधानानं सांगत होते, "गरीब हाय घर. नव्या मानसाला बिचकलं न्हाई."

भाव ठरला तो उपरण्याखाली. बैलबाजारात असाच ठरतो. दलाल हातावर उपरणं टाकतो, खाली बोटं धरतो, आणि चारचौघांत आकडा तोंडातून न काढता सौदा होतो. मागणाऱ्याची लाज राहते, देणाऱ्याचीही. गोदाकाकूंचा हात धरणं शोभेना, म्हणून त्यांच्यासाठी नानांनी चिंचोके दिले होते. त्या उपरण्याखाली चिंचोके ठेवत किंवा उचलत. माझा हात मात्र नानांनी धरला. मला या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. वडीलधाऱ्या माणसानं हात हातात घेतला म्हणून मी अदबीनं त्यांची बोटं दाबली. नाना थांबले. मी आणखी अदबीनं दाबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "राव, हात सैल सोडा. तोंडानं हसताय आन् हातानं भाव चढवताय."

मी घाबरून हातच ओढून घेतला. ते म्हणाले, "हा हात मी धरला न्हाई. पुना पयल्यापासनं." दुसरा कुणी असता तर माझी अदब त्यानं खरेदीखतात लिहून घेतली असती. सौदा वाजवी झाला. काकू आळंदीला गेल्या, आम्ही राहायला आलो, आणि पुढे त्याच घरात आमची मुलगी कमळी जन्मली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. दलाली चुकती झाली की दलाल पुन्हा तोंड दाखवत नाही, असा जगाचा अनुभव. नाना मात्र येत राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी काठीचा आवाज यायचा. येताना मागच्या बाजूनं यायचे. भिंतीवर थाप मारायचे, आडात डोकवायचे, तुळशीपाशी थांबायचे. मग ओसरीवर बसून चहा घेता घेता विचित्र प्रश्न विचारायचे. दिवा कुठल्या कोनाड्यात ठेवता? कोपऱ्यातलं जातं अजून तिथंच आहे का? पोरगी कुठल्या खोलीत रांगते? निघताना परसातल्या अळवाची चार पानं न विचारता खुडून उपरण्यात बांधायचे. कुसुम चिडायची. "दलाली घेतली ती घेतली, वर अळूही."

मी ही गंमत म्हणून ऑफिसात सांगितली आणि तिथेच चुकलं. आमचे हेडक्लार्क करंदीकर हे प्रत्येक गोष्टीची वाईट बाजू आधी शोधून ठेवणारे गृहस्थ. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "जातं कुठे आहे विचारतो? आडात बघतो? अहो, त्या बाईचा कुणी दीर-पुतण्या असणार. उद्या हिस्सा मागत दारात उभा राहील. हा दलाल त्याच्यासाठी घराची पाहणी करतोय. उगीच कोण येतं?"

घरी येऊन मी खरेदीखत पुन्हा वाचलं. सगळं ठीक दिसत होतं, आणि जेवढं ठीक दिसे तेवढी भीती वाढत होती. मुलगी मधल्या खोलीत झोपलेली. हे घर गेलं तर हिला घेऊन जायचं कुठे, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. कुसुम म्हणाली, "नानांना सरळ विचारा." पण मला ते धैर्य झालं नाही. म्हणून मी ठरवलं, की आळंदीला जाऊन गोदाकाकूंनाच विचारावं, की या घरावर कुणाचा हक्क आहे का.

रविवारी सायकल काढली आणि भोसरीवरून आळंदी गाठली. काकूंच्या लेकीचं घर घाटाच्या वरच्या अंगाला होतं. काकू दारातच बसलेल्या. मला पाहून एवढ्या हरखल्या, की मी काय विचारायला आलो होतो ते माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

"कमळी रांगती न्हवं आता? उंबऱ्याशी येऊन थांबती म्हणं. आन् दिवा तुमी दक्षिणेच्या कोनाड्यात ठेवता. बरं केलंत, मी पन तिथंच ठेवायचे." माझ्या घरातलं जे मलाही धड माहीत नव्हतं, ते या बाईला आळंदीत बसून माहीत होतं. "अळू पोचतं तुमचं. आन् शेवगा काय लागलाय यंदा. तुमी धाडलेल्या शेंगांची आमटी लेकीनं दोनदा केली. मी लावलेलं झाड हाय त्ये."

तो शेवगा आम्ही राहायला आलो त्याच वर्षी वादळात उन्मळून पडला होता. नानांनी स्वतः त्याचं लाकूड उचलायला माणूस आणून दिला होता. शेंगा त्यांनी बाजारातून आणल्या असणार, आणि काकूंना सांगितलं असणार, की ताईंनी तुमच्यासाठी काढून दिल्यात.

"लागलाय," मी म्हणालो. "फांद्या वाकल्यात अगदी."

हक्काबिक्काचं मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं. काकूंनी हातावर साखर ठेवली, ती खाऊन मी परत निघालो. वाटेत करंदीकरांचा जेवढा राग आला, त्याहून जास्त माझा मला आला.

पुढच्या खेपेला नाना आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना चोरी सापडल्यासारखं झालं. पटका सारखा करत म्हणाले, "बैल इकला की त्याच्या मालकानं पुना त्याला बगायला जायाचं नसतं, राव. जनावर वळखतं, आन् मग चार दिस वैरणीला तोंड लावत न्हाई. पर मालकाचा जीव तर तिकडंच असतो. मग दलालानंच जायाचं. बगायचं, आन् खुशाली सांगायची. मी आख्ख्या मुलखाची खुशाली वागवली. त्ये दलालीतच येतं."

"आणि बैल सुखात नसला तर?"

"तरी खुशालीच सांगायची. त्येनं काय बैलाचं वंगाळ व्हत न्हाई."

कुसुम दारात उभी होती. तिनं सहज विचारलं, "नाना, तुमचं स्वतःचं घर कुठंय हो?" इतके दिवस त्यांना ओळखत होतो, पण हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

नाना म्हणाले, चाकणच्या अलीकडे रस्त्याच्या आत एक वाडी आहे, तिथं होतं. मंडळी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि हे आठवडाभर बाजारांतून फिरणार. घर कुलपात राहू लागलं. मग विकलं. आता टपरीवाल्याच्या मागच्या खोलीत झोपतात.

"तुम्हीच विकलंत?" मी विचारलं.

"आपलाच हात आपन उपरण्याखाली कसा धरनार? दुसरा दलाल गाठला. चांगला निवडला व्हता. भाव चोख आनला त्येनं." कपातला चहा त्यांनी बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून ठेवली. "खुशाली तेवडी आनली न्हाई कदी. मी वाट बगितली. आता तर त्यो बी न्हाई."

माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैलांची आणि घरांची खबर वाहतो, आणि त्याच्या घराची खबर त्याला सांगायला कुणी नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कुसुम आत गेली ती पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या सुट्टीला मी चाकणच्या बसमध्ये बसलो. वाडी सापडली. एका म्हाताऱ्याला भागूनानांचं घर विचारलं तेव्हा त्यानं हातानं जागा दाखवली. विकत घेणाऱ्यानं लाकूड आणि दगड काढून नेले होते. जोतं तेवढं उरलेलं, त्यावर कुणीतरी कडबा रचून ठेवला होता. पुढे एक दगडी गव्हाण अर्धी मातीत गाडलेली होती. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि परतीची बस धरली.

त्यानंतर नाना आले तेव्हा मी आधी चहा येऊ दिला. मग म्हणालो, "नाना, परवा कंपनीच्या कामानं चाकणकडे गेलो होतो. तुमच्या वाडीवरून आलो."

नानांनी काठी भिंतीला टेकवली.

"घर छान ठेवलंय लोकांनी," मी म्हणालो. "चुना लावलाय. नातवंडं आहेत घरात, दंगा चालला होता. म्हातारी ओसरीवर उन्हात पापड घालत होती."

"वसरीवर?"

"हो, ओसरीवरच."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला खोटं बोलायची सवय नाही आणि त्यांना खोड ओळखायची आहे.

"आमच्या वसरीवर ऊन कदीच येत न्हवतं, राव," ते हळू म्हणाले. "म्होरं माझा गोठा व्हता. त्येची सावली पडायची."

कुसुम चहाचं भांडं हातात घेऊन दाराशी तशीच थांबली. नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते उपरणं थोडा वेळ डोळ्यांवर तसंच राहू दिलं. मग खाली घेऊन म्हणाले, "गोठा पाडला आसंल त्येंनी. म्हनून ऊन येत आसंल आता."

"हो, पाडलाय," मी म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.

"ब्येस केलं. उनाची वसरी चांगली. ल्हान पोरं हायत म्हंताय घरात." त्यांनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला आणि ती जमिनीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुना गेलात कदी त्या अंगाला, तर..."

"जाईन नाना," मी म्हणालो. "आणि येऊन सांगत जाईन."

कुसुमनं न विचारता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.